‘अ’ या अक्षराविषयी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त अंधेरी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानाला विषय मोठा हवा, अशी आपल्या कार्यवाहांची अपेक्षा होती. मी मात्र त्यांना एकाच अक्षरावर बोलण्याची अनुमती मागितली. पन्नास वर्षांच्या सोहळ्यात एक अक्षर फारच थोडे होते, असे त्यांना वाटले असावे. परंतु आपल्या वर्णमालेतील मातृका पन्नास मानण्याची एक जुनी परंपरा आहे. त्या पन्नासांतील पहिलीपाशीच आज थांबावे, असे मनात आहे. मी जैन कुळात जन्मलेलो नाही. भाषेचा विद्यार्थी म्हणून आपल्यापुढे उभा आहे, आणि ‘अ’ या अक्षराचा जेवढा सूक्ष्म विचार आपल्या आचार्यांनी केला तेवढा फार थोड्यांनी केला आहे, एवढ्याच अधिकाराने हा विषय या व्यासपीठावर मांडत आहे.

आणखी एक कारण आहे. आपल्या पाठशाळेत येणारी पुष्कळ मुले आता इंग्रजी माध्यमात शिकतात. अहिंसा, अचौर्य, अपरिग्रह हे शब्द त्यांना समजावताना शिक्षिका स्वाभाविकपणे इंग्रजी प्रतिशब्द सांगतात आणि प्रत्येक प्रतिशब्दाच्या आरंभी ‘नॉन’ येतो. मुलांच्या वहीत मग तीन-चार ‘नॉन’ एकाखाली एक लिहिलेले दिसतात. आपल्या ‘अ’चा आणि त्या ‘नॉन’चा अर्थ एकच आहे काय, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्याच्याकडे मी शेवटी येईन. तत्पूर्वी या अक्षराची ओळख करून घेऊ.

मराठीत कोणत्याही कार्याच्या आरंभाला आपण ‘श्रीगणेशा’ म्हणतो, तसेच ‘ओनामा’ही म्हणतो. हा ओनामा ‘ॐ नमः सिद्धम्’ या जुन्या पाटीपूजनाचा अवशेष आहे. पूर्वी पंतोजी मुलाच्या पाटीवर धूळाक्षरे काढून देत तेव्हा ‘अ’च्याही आधी सिद्धांना नमस्कार घातला जाई. ‘ओ ना मा’ एवढेच मुलाच्या जिभेवर राहिले आणि त्याचा एक शब्द झाला. जैन परंपरेत तर लिपीची कथा थेट भगवान ऋषभदेवांपाशी जाते. त्यांनी ब्राह्मी या कन्येला अक्षरे शिकविली आणि सुंदरीला अंक शिकविले, असे पुराणकार सांगतात. भगवतीसूत्राच्या आरंभी ब्राह्मी लिपीलाही वंदन आहे. लिपीला वंदन करणारे ग्रंथ जगात फारसे नसतील.

आजच्या अंकलिपीत मात्र ‘अ अननसाचा’ असतो. अननस हे फळ दक्षिण अमेरिकेतले. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ते आपल्या किनाऱ्याला आले आणि नावही तिकडचेच घेऊन आले. हिंदी मुलाचा ‘अ’ अनारचा, तो शब्द फारसी. म्हणजे आपल्या सर्वांत जुन्या अक्षराची ओळख आपण पाहुण्या फळांच्या हातून करून देतो. यात खेद करण्याजोगे काही नाही. अननसाचे चित्र मुलाला चटकन ओळखू येते आणि ‘अ’ दोन पावलांवर पुन्हा भेटत नाही, एवढे पंतोजीला पुरे असते.

आता अक्षराचे रूप पाहू. सम्राट अशोकाच्या ब्राह्मी लेखांतील ‘अ’ दिसतो तो साधारणपणे इंग्रजी ‘के’ हे अक्षर आरशात पाहावे तसा. एक उभी रेघ आणि तिच्यापासून डावीकडे फाकलेल्या दोन तिरप्या रेघा. (महानगरपालिकेच्या विभागवारीत अंधेरी अनेक दशके ‘के’ अक्षराखालीच नोंदली गेली, हा निव्वळ योगायोग; पण मला तो आवडतो.) ही अक्षरे पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. आपल्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावरील सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा सापडला. १९५६ साली त्याच परिसरात नवव्या शासनाचाही अंश मिळाला. आणि अंधेरी पूर्वेच्या महाकाली, म्हणजे जुन्या कोंडिविटे लेण्यांतील चैत्यगृहात दानाची नोंद करणारा ब्राह्मी लेख आहे. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या बसमधील किती प्रवाशांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. आपण जेथे बसलो आहोत त्या उपनगरात माणसे सुमारे दोन हजार वर्षांपासून अक्षरे कोरीत आली आहेत.

ब्राह्मीतून नागरी झाली, अक्षरांवर शिरोरेखा आली, आणि ‘अ’ला दोन वळणे मिळाली. उत्तरेकडील जुन्या छापील पुस्तकांतला ‘अ’ आजच्या वाचकाला चटकन ओळखूही येणार नाही, इतका तो वेगळा होता. दुसरे वळण मुंबईचे. निर्णयसागर छापखान्याची स्थापना जावजी दादाजी यांनी १८६९ साली केली. त्या छापखान्याचे सुबक टाइप देशभर गेले आणि संस्कृत ग्रंथांचे वाचक त्या वळणाला सरावले. पुढे हिंदीच्या मानक लिपीनेही मुंबई वळणाचाच ‘अ’ स्वीकारला. गुजराती बंधूंनी शिरोरेखा उतरवून ठेवली; पण त्यांचा ‘अ’ आणि आपला ‘अ’ शेजारी ठेवले तर एकाच घरचे आहेत हे लपत नाही. या सभागृहातील अर्ध्या मंडळींनी अक्षरओळख गुजरातीत केली असेल आणि अर्ध्यांनी मराठीत. पहिल्या अक्षरापुरता तरी त्यांना दुभाषा लागणार नाही.

रूपापेक्षा या अक्षराचा ध्वनी अधिक विलक्षण आहे. ‘क’ लिहिला की त्यात ‘अ’ आलाच; त्याला वेगळे चिन्ह नाही. इतर सर्व स्वरांना काना, वेलांटी, उकार, मात्रा लागतात. ‘अ’ मात्र न दिसता असतो. त्याला घालवायचे असेल तर पाय मोडावा लागतो. ज्याची उपस्थिती गृहीत आणि अनुपस्थिती मात्र लिहून दाखवावी लागते, असा हा एकच स्वर. अनुस्वार आणि विसर्ग यांनाही वर्णमालेत उभे राहण्यासाठी त्याचाच खांदा लागतो. म्हणून आपण ‘अं’ आणि ‘अः’ असे म्हणतो. त्या ‘अं’चा मान आपल्या अंधेरीला मिळाला आहे. अर्थात नुसता ‘अं’ म्हटले तर मध्य रेल्वेचा प्रवासी अंबरनाथ समजेल, ही गोष्ट वेगळी.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत. त्या व्याकरणाचा कारभार ज्या अक्षरसूचीवर चालतो तिचा आरंभ ‘अ’ने होतो आणि ग्रंथाचे अगदी शेवटचे सूत्रही ‘अ’ हे अक्षर दोनदा उच्चारून संपते. त्याचे कारण मोठे मनोरंजक आहे. प्रत्यक्ष बोलण्यात ऱ्हस्व ‘अ’ हा मिटलेल्या तोंडाचा, संवृत. दीर्घ ‘आ’ उघड्या तोंडाचा, विवृत. मग दोघांना सवर्ण कसे मानावे आणि दोन ‘अ’ मिळून ‘आ’ होतो हे कसे सांगावे? पाणिनीने संपूर्ण ग्रंथभर ‘अ’ विवृत आहे असे धरून काम चालविले आणि शेवटच्या सूत्रात त्याचे मूळ रूप त्याला परत केले. उसनी घेतलेली वस्तू काम होताच परत करावी, असा हा व्यवहार आहे. व्यापारी मंडळींना तो पटावा.

मराठी बोलण्यात हा ‘अ’ शब्दाच्या शेवटी गळतो. आपण ‘राम’ लिहितो आणि ‘राम्’ म्हणतो. इंग्रजांनी मात्र संस्कृत पद्धतीने तो लिहून ठेवला आणि तेथून तो दीर्घ होऊन परत आला. आता उपनगरात जागोजागी ‘योगा वर्ग’ असे फलक दिसतात. मराठी माणसाने मराठी लिपीत ‘योगा’ लिहावे, याचे मला आश्चर्य वाटते. जो स्वर आपण उच्चारीतही नव्हतो तो परदेशी जाऊन काना लावून आला आणि आपण त्याचे स्वागत केले. याउलट आपली छंदोरचना त्या गळणाऱ्या ‘अ’ला कधी विसरली नाही. अभंगाची अक्षरे मोजताना शेवटचे अक्षर पूर्णच धरले जाते आणि टाळावर म्हणताना ते ऐकूही येते. ‘अभंग’ या शब्दाचा आरंभही याच अक्षराने व्हावा, हे योग्यच झाले.

प्राकृताचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा दिला. पाली, असमिया आणि बंगाली यांचाही त्यात समावेश होता. माय-लेकींचा सत्कार एका मंडपात झाला म्हणा ना! महाराष्ट्री प्राकृताची खूण अशी की दोन स्वरांमधली व्यंजने तिच्यात गळून जातात आणि मागे स्वर उरतात. ‘लोक’चा ‘लोअ’ होतो, ‘नगर’चे ‘नअर’. जैन लेखकांना हे असे उघडे पडलेले ‘अ’ खटकले असावेत. त्यांनी तेथे हलकासा ‘य’ घातला आणि ‘लोय’, ‘नयर’ असे लिहिले. या ‘य’श्रुतीवरूनच विद्वानांनी त्या भाषेला जैन महाराष्ट्री असे वेगळे नाव दिले. विमलसूरींचे पउमचरिय त्याच भाषेत आहे. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात या ‘अ’साठी स्वतंत्र नियम सांगितला आहे. एका स्वराची एवढी काळजी घेणारी परंपरा आपली आहे.

संस्कृतातला ‘ऋ’ही प्राकृतात पुष्कळदा ‘अ’ होतो. ‘तृण’चे ‘तण’ झाले आणि ते आजही मराठी शेतकऱ्याच्या तोंडी आहे. फक्त आता ते उपटून टाकायचे असते.

इंग्रजी शब्द मराठीत आले तेव्हा ‘बँक’, ‘ॲसिड’ यांतल्या स्वराला आसरा द्यावा कोणी, हा प्रश्न पडला. मराठीने तो चंद्र ‘अ’च्याच डोक्यावर ठेवला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना वर्णमालेत रीतसर स्थान दिले. त्यापूर्वी सावरकरांनी ‘अ’ला वेलांट्या व उकार देऊन ‘अि, अु’ अशी बाराखडी सुचविली होती. काही नियतकालिकांनी आणि विनोबांच्या लोकनागरीने ती वळणे चालविली. टंकयंत्राच्या काळात तिच्यात सोय होती. डोळ्यांना ती रुचली नाही. संगणकाने ती अडचणच दूर केल्यावर तो वाद मागे पडला.

व्यवहारात तर ‘अ’ने इंग्रजी ‘ए’ची सारी नोकरी पत्करली आहे. इयत्ता पाचवी ‘अ’, ‘अ’ वर्ग नगरपरिषद, जीवनसत्त्व ‘अ’. ही अ, ब, क, ड अशी रांग आपल्या वर्णमालेची नाही, तरी कोणाला ती परकी वाटत नाही. तिच्यातली गंमत जीवनसत्त्वांत दिसते. ‘सी’ला ‘क’ म्हणून बसलो. पुढे ‘के’ आले तेव्हा ‘क’ची जागा भरलेली, म्हणून त्याला ‘के’च ठेवावे लागले. जुन्या अंकगणितातला ‘अ’ तर फार कष्टाळू मनुष्य होता. ‘अ’ एक काम १० दिवसांत करतो, ‘ब’ तेच १५ दिवसांत. दोघे मिळून किती दिवसांत करतील? उत्तर सहा दिवस. भागीदारीच्या उदाहरणातही ‘अ’चे भांडवल बहुधा जास्त आणि ‘क’ मध्येच पैसे काढून घेणारा. आपल्यापैकी पुष्कळांचा धंद्याचा पहिला धडा या तिघांनीच दिला असेल.

आता धर्मचिंतनाकडे वळू. गीतेच्या दहाव्या अध्यायात विभूती सांगताना श्रीकृष्ण अक्षरांमध्ये स्वतःला अकार म्हणवितात. तिरुक्कुरळ या तमिळ ग्रंथाचा आरंभच, सर्व अक्षरांना जसा ‘अ’ तसा जगाला आदिभगवान, या उपमेने होतो. त्या ग्रंथाच्या कर्त्याला जैन मानणारे विद्वान आहेत, हे आपणांस ठाऊक असेल. ज्ञानेश्वरांनी गणेशाच्या मूर्तीत ओंकार पाहताना अकार चरणांच्या ठिकाणी ठेवला, उकार उदराशी आणि मकार मस्तकाशी. म्हणजे सारी मूर्ती अकारावर उभी. आणि दूर जपानमध्ये, नवव्या शतकात कूकाई यांनी रुजविलेल्या शिंगोन पंथात साधक आजही सिद्धम् लिपीतला ‘अ’ समोर ठेवून ध्यान करतात. तेथे तो ‘अनुत्पन्न’ या शब्दाचा पहिला वर्ण. जे कधी उत्पन्न झाले नाही त्याची खूण.

जैन परंपरेने मात्र अकारात व्यक्ती पाहिल्या. अरिहंतांचा ‘अ’, अशरीर म्हणजे सिद्धांचा ‘अ’, आचार्यांचा ‘आ’, उपाध्यायांचा ‘उ’ आणि मुनींचा ‘म’. संधी करीत गेले की ‘ओम्’ होतो. पाच परमेष्ठी व्याकरणाच्या साध्या नियमाने एका अक्षरात येतात. ‘असिआउसा’ या पंचाक्षरातही पहिला मान ‘अ’चाच. हेमचंद्रांनी आपल्या व्याकरणाचा आरंभ ‘अर्हं’ या पदाने केला. वर्णमालेचा पहिला ‘अ’ आणि शेवटचा ‘ह’ त्यात आहेत, म्हणजे सारे वाङ्मय त्या दोन काठांमध्ये आले.

आणि अरिहंत हा शब्दच पाहा. त्याचे तीन पाठ प्रचलित आहेत. अरिहंत म्हणजे आंतरिक शत्रूंचा नाश करणारे. अरहंत म्हणजे पूजेस पात्र. अरुहंत म्हणजे ज्यांना पुन्हा जन्माचा अंकुर फुटत नाही ते. तिन्हींच्या आरंभी ‘अ’ आहे. पण पहिल्यात तो ‘अरि’चा अवयव, दुसऱ्यात ‘अर्ह’ धातूचा आणि तिसऱ्यात नकाराचा. एका पदात एका अक्षराने तीन वेगळी कामे करावीत आणि तिन्ही अर्थ एकाच विभूतीला लागू पडावेत, याचे मला नेहमी नवल वाटते.

नकाराचा उल्लेख आला तेव्हा मूळ प्रश्नाकडे येतो. शब्दाआधी ‘अ’ लागला की ‘नाही’ असा अर्थ होतो, एवढे शाळेत सांगतात. आपले जुने वैयाकरण तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी या नकाराचे सहा अर्थ सांगितले: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पत्व, अप्रशस्तपणा आणि विरोध. त्यांची उदाहरणे संस्कृतातली आहेत. मी मराठीतली देतो. ‘अपुत्र’ म्हणजे ज्याला पुत्र नाही; हा निखळ अभाव. ‘अशक्त’ माणसात शक्ती मुळीच नसते काय? असते, थोडी असते. हा अल्पत्वाचा ‘अ’. पाहुणा ‘अवेळी’ आला म्हणजे वेळ नसताना आला असे नव्हे, वेळ होती पण ती योग्य नव्हती, हा अप्रशस्तपणाचा. ‘अन्याय’ म्हणजे न्याय नसणे एवढेच नाही, न्यायाच्या उलट काहीतरी करणे, हा विरोधाचा. आणि ‘अमराठी’, ‘अजैन’ हे शब्द घ्या. यांतला ‘अ’ अन्यत्वाचा आहे. मराठीहून अन्य, जैनाहून अन्य, इतकाच त्याचा अर्थ.

येथे थोडे थांबतो. मुंबईच्या उपनगरांत हे दोन शब्द फार वापरले जातात. वर्तमानपत्रांत, गृहनिर्माण संस्थांच्या सभांत, निवडणुकीच्या दिवसांत तर विशेष. बोलणारा कित्येकदा अन्यत्वाचा ‘अ’ उच्चारतो आणि ऐकणारा विरोधाचा ऐकतो. कधी बोलणाऱ्यालाच विरोधाचा अभिप्रेत असतो आणि विचारले की तो अन्यत्वाच्या आड लपतो. अक्षर दोघांचे एकच, त्यामुळे खटला कुठेच उभा राहत नाही. मी या उपनगरात आयुष्य काढले आहे. ‘अमराठी शेजारी’ या शब्दांत आपलेपण असू शकते आणि तेढही असू शकते, हे मी पाहिले आहे. व्याकरण तेढ मिटवू शकत नाही. पण कोणता ‘अ’ वापरतो आहोत, हे बोलणाऱ्याला विचारण्याचा अधिकार ते देते. तो अधिकार आपण वापरीत नाही, हे माझे म्हणणे आहे.

मराठीने स्वतःचा म्हणून घडविलेला एक शब्द मला या संदर्भात फार मोलाचा वाटतो. तो म्हणजे ‘अबोला’. रेल्वेच्या डब्यात अनोळखी सहप्रवाशाशी आपण बोलत नाही, त्याला अबोला म्हणत नाहीत. अबोला धरावा लागतो. दोन जावांमध्ये, दोन भावांमध्ये, नवरा-बायकोमध्ये असतो. म्हणजे अबोला ही बोलण्याची अनुपस्थिती नाही. तो एक व्यवहार आहे, त्याला आरंभ असतो, कारण असते आणि तो कोणी तरी सोडावा लागतो. ‘अ’ने येथे पोकळी निर्माण केली नाही, एक कृती निर्माण केली.

काही ठिकाणी तर या अक्षराने आपल्याला चांगलेच फसविले आहे. ‘अघोर’ म्हणजे जे घोर नाही ते, शिवाचे सौम्य रूप. पण मराठीत ‘अघोरी’ म्हटले की अंगावर काटा येतो. जुन्या मराठी काव्यातला ‘अचपळ’ हा फारच चपळ असतो. ‘असुर’ शब्दातला ‘अ’ मुळात नकाराचा नव्हताच. लोकांनी तो नकाराचा समजून काढून टाकला आणि ‘सुर’ हा नवा शब्द तयार केला. देवांना आपले एक नाव असे दैत्यांच्या नावातून मिळाले! आणि ‘अणुव्रत’ शब्दातला ‘अ’ही नकाराचा नाही, तेथे ‘अणु’ म्हणजे लहान. मुलांना हे सांगावे लागते. जैन तत्त्वज्ञानातील ‘अधर्म’ हे द्रव्य तर नवख्याला हमखास चकविते. व्यवहारात अधर्म म्हणजे पाप. परंतु षड्द्रव्यांत धर्म हे गतीला साहाय्य करणारे तत्त्व आणि अधर्म हे स्थितीला साहाय्य करणारे. वाटसरूला झाडाच्या सावलीने विसावा द्यावा तसे ते कार्य करते. तेथे ‘अ’मध्ये निंदेचा लेशही नाही.

मग ‘अहिंसा’ शब्दातला ‘अ’ यांपैकी कोणता? तो केवळ अभावाचा मानला तर निजलेला मनुष्यही अहिंसक ठरेल आणि भिंतही. तो विरोधाचा आहे, असे मला वाटते. जसा ‘अमित्र’ म्हणजे मित्र नसलेला कोणीही नव्हे तर शत्रू, तशी अहिंसा म्हणजे हिंसेच्या उलट दिशेने केलेली कृती. आगमांचा आधारही मिळतो. प्रश्नव्याकरण सूत्रात अहिंसेची साठ नावे सांगितली आहेत आणि त्यांत दया आहे, रक्षण आहे. अभावाला कोणी साठ नावे ठेवीत नाही. अमारी घोषणांचा इतिहासही हेच सांगतो. कुमारपाल राजाने बाराव्या शतकात जीवहत्या थांबविण्याची आज्ञा केली. हीरविजयसूरींच्या भेटीनंतर अकबराने पर्युषणाच्या दिवसांसाठी तशी फर्माने दिली. ‘अमारी’ म्हणजे न मारणे. पण ते न मारणे दवंडी पिटून, राजाज्ञेने, माणसे नेमून घडवून आणावे लागले. ‘अभय’ हेही तसेच. ते नुसते भय नसणे असते तर त्याचे दान कसे देता आले असते?

‘अपरिग्रह’ शब्दाचा ‘अ’ मात्र मला वेगळा वाटतो. मुनींसाठी तो अभावाचा आहे, यात शंका नाही. दिगंबर मुनींकडे पाहिले की तो डोळ्यांना दिसतो. पण श्रावकाच्या पाचव्या अणुव्रताचे नाव काय आहे? परिग्रहपरिमाण. किती ठेवीन याचे माप आधी ठरविणे. म्हणजे गृहस्थापुरता हा ‘अ’ अल्पत्वाचा झाला, ‘अशक्त’मधल्यासारखा. शून्य नव्हे, थोडे. आणि तेही मोजून. इंग्रजी ‘नॉन’ला हे अल्पत्व व्यक्त करता येत नाही. तो एक तर आहे म्हणतो किंवा नाही. बाराव्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या मुलाला ‘काहीही बाळगू नये’ असे शिकविले तर तो ते खोटे समजेल आणि सोडून देईल. ‘तुझ्या कपाटात किती असावे ते तू आज ठरव आणि वहीत लिही,’ असे म्हटले तर तो निदान कपाट उघडील.

शेवटचा शब्द ‘अनेक’. स्वरापूर्वी ‘अ’चा ‘अन्’ होतो. अन् आणि एक मिळून अनेक. तर्काने पाहिले तर जे एक नाही ते शून्यही असू शकते. तरीही आपल्या कोणत्याही भाषेत ‘अनेक’ म्हणजे शून्य असा अर्थ कधी झाला नाही. एकाला नकार दिला की दोन, तीन, पुष्कळ असेच आपण समजत आलो. अनेकांताचे सारे दर्शन या समजुतीवर उभे आहे. त्याचा ‘नॉन’ने आरंभ होणारा इंग्रजी प्रतिशब्द मी एका पुस्तकात पाहिला आणि त्यात हा पुष्कळपणा मला कुठेच सापडला नाही.

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी अनिवार्य झाली आहे, तेव्हा आपल्या पाठशाळेतील मुलांना ‘अ’ वाचता येतोच. पाठशाळेसाठी नवे वाचनपुस्तक तयार होत आहे, असे आपल्या कार्यवाहांनी मला सांगितले. त्यात इंग्रजी प्रतिशब्द अवश्य द्यावेत. मात्र प्रत्येक शब्दापुढे त्यातला ‘अ’ सहांपैकी कोणता, हे एका ओळीत मराठीत आणि गुजरातीत लिहावे, अशी माझी विनंती आहे. व्रतांची, द्रव्यांची आणि रोजच्या बोलण्यातली मिळून चाळीस शब्दांची एक यादी मी हाताने लिहून कार्यालयात दिली आहे. त्यांतील पाच-सहा शब्दांपुढची जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे. त्या शब्दांतला ‘अ’ कोणता याविषयी दोन मते होऊ शकतात. तेव्हा ती जागा पाठशाळेच्या शिक्षिकांनी आणि मुलांनी मिळून भरावी.